शेवटच्या जिलेबीची किंमत: मूल्य आणि हव्यासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावी कॉमर्सला मी अर्थशास्त्र शिकवतो. दर वर्षी 'उपयोगिता विश्लेषण' हा धडा येतो आणि दर वर्षी तेच प्रश्न येतात. काही मुलांचे, काही पालकसभेनंतर रेंगाळलेल्या पालकांचे, दोन-तीन तर सोसायटीच्या जिन्यात गाठून विचारलेले. एकदाची उत्तरं लिहून काढावीत म्हणून हे पान. ज्यांना फक्त परीक्षेपुरतं हवं आहे त्यांनी सरळ शेवटचा प्रश्न गाठावा.

मूल्य, किंमत, मोल: हे सगळं एकच ना?

बाजारात एकच, पुस्तकात नाही. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये मूल्याचे दोन अर्थ वेगळे केले. वस्तू वापरून जे मिळतं ते उपयोग-मूल्य, ती देऊन बदल्यात जे मिळतं ते विनिमय-मूल्य. हे दुसरं रुपयांत मांडलं की झाली किंमत. मराठीतला 'मोल' हा शब्द मात्र दोन्हीकडे हात मारतो. मोलमजुरी, मोलकरीण यांतलं मोल म्हणजे श्रमाचा दाम, आणि 'अनमोल' म्हटलं की ती वस्तू विकायचीच नसते.

पाण्यावाचून माणूस मरतो, तरी पाणी स्वस्त. हिऱ्यावाचून कुणाचं अडत नाही, तरी हिरा महाग. असं का?

हा प्रश्न स्मिथनेच प्रसिद्ध केला आणि उत्तर शोधायला तो श्रमाकडे वळला. नीट उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. मग तिघांना ते पाठोपाठ सापडलं, तेही एकमेकांचा पत्ता नसताना: १८७१ मध्ये व्हिएन्नात कार्ल मेंगर आणि इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स, १८७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानला लिऑन वालरा. यातला जेव्हन्स तरुणपणी सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस लावायचं काम करत असे, ही माझी आवडती माहिती. आयुष्याची चांगली पाच वर्षं सोनं पारखण्यात घालवल्यावर मूल्य धातूत नसतं असं तो सांगतो, तेव्हा त्याचं ऐकावं.

या तिघांनी प्रश्नच फिरवला. जगातलं सगळं पाणी की जगातले सगळे हिरे, अशी निवड कुणी कधी करत नाही. माणूस निवडतो ती पुढची बादली आणि पुढचा हिरा. नळाला पाणी असेल तर पुढची बादली अंगणात शिंपडायलाच जाते, म्हणून ती स्वस्त. हिरे मात्र इतके थोडे की पुढचाही हवाच असतो, म्हणून तो महाग.

हे समजवायला ऑस्ट्रियाच्या बोम-बावेर्कचं उदाहरण मला सगळ्यांत उपयोगी पडतं. रानात एकटा राहणाऱ्या शेतकऱ्याकडे पाच पोती धान्य आहे. पहिलं जीव जगवायला, दुसरं अंगात ताकद राहावी म्हणून, तिसरं कोंबड्यांना, चौथं दारू गाळायला आणि पाचवं करमणुकीला पाळलेल्या पोपटांना. आता समजा एक पोतं उंदरांनी फस्त केलं. कोणतं गेलं? कोणतंही जाऊ द्या, उपाशी राहणार पोपट. त्यामुळे पाचही पोती सारखी असताना त्याच्या दृष्टीने कुठल्याही एका पोत्याचं मूल्य पोपटांच्या खाण्याएवढंच असतं. चार पोती गेली तर मात्र उरलेल्या पोत्याचं मूल्य म्हणजे त्याचा स्वतःचा जीव.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, ते वर्ग अजून विसरलेला नाही. सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतर, पहिल्या फेरीत दहा वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. पाणी तेच. पण लातूरमध्ये पोपटांचं, दारूचं, कोंबड्यांचं पोतं आधीच संपलेलं होतं. घरात येणारी प्रत्येक घागर पहिल्या पोत्यातली होती.

सीमान्त उपयोगिता म्हणजे नक्की काय? 'घटत जाते' म्हणजे काय घटतं?

लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. उन्हातून आलात, भूक लागली आहे, पानात पहिली जिलेबी पडते. ती खाताना जे सुख मिळतं तेवढं दुसरीला मिळत नाही, तिसरीला त्याहून कमी. पुढच्या एका जिलेबीने सुखात जी भर पडते ती सीमान्त उपयोगिता, आणि ती प्रत्येक जिलेबीगणिक उतरत जाते. एकूण सुख वाढतच असतं, फक्त पायरी लहान होत जाते. मग एक अशी जिलेबी येते की खाल्ली काय, न खाल्ली काय, सारखंच. तिच्या पुढची पोटात त्रास देते. तेव्हा आपण पानावर आडवा हात धरतो आणि यजमानीणबाई "माझ्यासाठी एक" म्हणत हाताच्या फटीतून वाढतात. आग्रह म्हणजे सीमान्त उपयोगिता उणे झाल्यावरही पुरवठा चालू ठेवणे.

'अमर्यादित थाळी' याच हिशोबावर चालते. आत शिरताना पैसे दिले की पुढच्या पुरीची किंमत शून्य, म्हणून पुढच्या पुरीचं सुख शून्य होईपर्यंत आपण खातो. मालकाला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून आधी ढोकळा, फरसाण, पुऱ्या येतात आणि बासुंदीची वाटी लहान असते.

नियम म्हणून हे कुणी मांडलं?

हर्मान गोसेन नावाच्या निवृत्त प्रशियन अधिकाऱ्याने, १८५४ मध्ये. कोपर्निकसने आकाशाचं केलं ते आपण माणसाच्या व्यवहाराचं केलं, असा त्याचा दावा होता. पुस्तक खपलं नाही. त्याने उरलेल्या प्रती परत मागवून नष्ट केल्या आणि १८५८ मध्ये तो वारला. वीस वर्षांनी जेव्हन्सच्या हाती एक प्रत लागली आणि आपला शोध आधीच लागलेला होता, हे त्याने मोठ्या मनाने मान्य केलं.

मग कष्टाला काही किंमतच नाही का?

हा प्रश्न विचारणारा मुलगा बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या घरातला असतो, आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये असं मी अनुभवाने शिकलो आहे.

स्मिथ, १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डो आणि १८६७ मध्ये कार्ल मार्क्स, तिघांनीही मूल्याचं मूळ श्रमात शोधलं. त्यांची मतं सारखी नव्हती, पण धागा एक होता. आपल्याकडे शेतकरी संघटनेची घोषणा होती: 'भीक नको, हवे घामाचे दाम'. श्रममूल्याचा सिद्धान्त इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे वाचलेला नाही. गंमत म्हणजे ज्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ती गाजली ते पुढे खुल्या बाजाराचे खंदे समर्थक म्हणून ओळखले गेले.

आता कांदा घ्या. एकाच वाफ्यातला उन्हाळ कांदा. रोप तेच, लागवड, खुरपणी, काढणी तीच. निम्मा माल काढल्या काढल्या ट्रॅक्टरमध्ये भरून लासलगावच्या लिलावात नेला आणि निम्मा कांदाचाळीत भरून ठेवला. चार महिन्यांनी चाळीतल्या मालाला दुसराच भाव मिळतो. कधी दुप्पट, तर कधी सडून हमाली-तोलाईसुद्धा निघत नाही. घाम एकच गाळला होता. श्रमाने मूल्य ठरत असतं तर दोन्ही ढिगांना एकच भाव मिळायला हवा होता.

मार्क्सवर अन्याय नको म्हणून सांगतो. कुणी कितीही राबलं तरी मूल्य तयार होतं असं तो म्हणत नव्हता. वस्तू कुणाला तरी उपयोगी हवी आणि समाजात ती करायला सर्वसाधारणपणे लागतात तेवढेच श्रम मोजायचे, अशा अटी त्याने घातल्या होत्या. रिकार्डोनेही दुर्मिळ चित्रं, पुतळे, ठरावीक जमिनीतल्या द्राक्षांची दारू यांना सिद्धान्तातून वगळलं होतं. देवगडच्या कातळावरचा हापूस त्याने पाहिला असता तर त्यालाही वगळला असता.

पण खर्च अजिबात मोजायचा नाही, असंही नाही. ढीग लिलावात उतरल्यावर खर्चाला कुणी विचारत नाही. पुढच्या हंगामात मात्र विचारतं. ज्याचा खर्च निघाला नाही तो कमी लावतो, आवक घटते, भाव चढतो. अल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये हेच सांगताना कात्रीची उपमा दिली: कागद वरच्या पात्याने कापला की खालच्या, हा वाद जितका फोल, तितकाच किंमत मागणीने ठरते की उत्पादन खर्चाने हा वाद. आज-उद्याचा भाव बराचसा मागणी ठरवते, दोन-चार वर्षांचा बराचसा खर्च. तेवढी वर्षं तग कुणी धरायची, हे कात्री सांगत नाही. कांद्याला हमीभावही नाही.

सुख मोजतात कशात? किलोत की लिटरमध्ये?

कशातच नाही. आमच्या कोष्टकात १०, ८, ६, ४ असे आकडे असतात ते फळ्यापुरते. विसाव्या शतकात जॉन हिक्स आणि रॉय ॲलन यांनी १९३४ मध्ये मोजमापाचा नादच सोडला. चहा किती आवडतो ते सांगू नका, चहा कॉफीपेक्षा जास्त आवडतो की कमी, एवढंच सांगा, काम भागतं. समवृत्ती वक्र, म्हणजे दोन वस्तूंच्या सारख्याच आवडणाऱ्या जोड्या जोडणारी रेघ, त्यातूनच रूढ झाले.

पॉल सॅम्युएल्सनने १९३८ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली: मनात काय आहे ते विचारूच नका, माणूस काय निवडतो ते पाहा. त्यावर अमर्त्य सेन यांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो. टोपलीत एकच सफरचंद उरलं असेल तर सभ्य माणूस ते उचलत नाही. दोन असती तर त्याने एक घेतलं असतं. म्हणजे त्याला सफरचंद आवडत नाही का? दिवाळीच्या फराळाच्या ताटात शेवटची चकली तासभर तशीच पडून असते आणि सगळ्यांचं लक्ष तिच्यावरच असतं. नुसती निवड पाहून कुणी म्हणेल, या घरात चकली कुणाला आवडत नाही.

गरज मोठी असली की मागणी मोठी असणारच ना?

नाही. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे इच्छा, पैसे देण्याची ऐपत आणि पैसे देण्याची तयारी. तिन्ही हवं. तहानेने व्याकूळ पण खिसा रिकामा, तर बाजाराच्या हिशोबात मागणी शून्य. खासगी टँकर वस्तीत जातो की बंगल्याच्या हौदाकडे, हे तहान ठरवत नाही. लातूरची गाडी भावाच्या इशाऱ्यावर सुटलेली नव्हती, ती सुटावी असा निर्णय कुणीतरी घ्यावा लागला. या धड्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर मी हे ठेवेन.

किंमत वाढली तर मागणीही वाढते, असं कधी होतं का?

होतं. दोन टोकांना होतं, आणि मधल्या माणसाला दोन्ही विचित्र वाटतात.

पहिलं टोक अगदी गरिबाचं. मुख्य धान्य महागलं की भाजी, मटण परवडेनासं होतं आणि पोट भरायला तेच महागलेलं धान्य जास्त घ्यावं लागतं. मार्शलने याचं श्रेय रॉबर्ट गिफेनला दिलं म्हणून या गिफेन वस्तू. शंभरेक वर्षं लोक म्हणत होते की पुस्तकात ठीक आहे, प्रत्यक्षात दाखवा. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदूळ सवलतीत दिला, तर त्यांनी तांदूळ कमी खाल्ला. हे संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

दुसरं टोक मिरवण्याचं. नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा थॉर्स्टिन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये लिहिलं की हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्रावरचा ॲल्युमिनियमचा चमचा, आमटी दोन्हींनी तेवढीच तोंडात जाते. आमटी माझी, बाकी त्याचं. मग एवढा फरक कशाचा? किंमत मोजता आली, हे चारचौघांना कळण्याचा.

आमच्या घरात हा वाद पैठणीवर झाला. मावसबहिणीच्या लग्नात दोन काकू सारख्याच मोरपंखी रंगात आल्या. एकीची येवल्याची हातमागावरची, दुसरीची दुकानदार 'सेमी' म्हणतात ती. दहा फुटांवरून ब्रह्मदेवालाही फरक कळला नसता. जेवणं झाल्यावर पहिल्या काकूंनी अगदी सहज केल्यासारखं करून पदर उलटा टाकला. हातमागाच्या पैठणीची उलटी बाजू सुलट बाजूसारखीच स्वच्छ असते, मोराच्या पाठीमागे सुटे धागे लोंबत नाहीत. दुसऱ्या काकूंनी आपला पदर खोचून घेतला आणि वाढायला उठल्या.

व्हेब्लेन म्हणेल, बघा, मी सांगितलं होतं. मला तो इथे थोडा निर्दय वाटतो. विणकराने महिनोन् महिने धागा-धागा फिरवून ती उलटी बाजू राखली, त्या कसबाचं कौतुक हीदेखील खरी इच्छा असू शकते. काकूंच्या मनात कसब किती होतं आणि जाऊबाई किती, हे मात्र कुठल्याच आलेखावर काढता येत नाही.

जाहिराती आपल्याला नको ते हवंसं करायला लावतात का?

जॉन केनेथ गालब्रेथने १९५८ मध्ये हेच म्हटलं. पुढे तो १९६१ ते १९६३ दिल्लीत अमेरिकेचा राजदूत होता. त्याचा मुद्दा असा: जे कारखाने गरज भागवतात तेच आधी ती गरज निर्माण करत असतील, तर गरज भागवल्याचं श्रेय त्यांना कसं द्यायचं? १९६१ मध्ये फ्रीडरिश हायेकने उत्तर दिलं की जन्मतःच असलेल्या इच्छा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. साहित्याची ओढसुद्धा दुसऱ्याने लावलेली असते, म्हणून ती खोटी ठरते का?

वादात हायेक जिंकतो असं मला वाटतं. पण मागच्या दिवाळीला झकास वाटलेला फोन या दिवाळीला जुनाट वाटतो, तेव्हा गालब्रेथ आठवतो.

काही गोष्टी जितक्या घ्याव्या तितक्या जास्त हव्याशा वाटतात. मग तो घटता नियम कुठे गेला?

गॅरी बेकर आणि जॉर्ज स्टिगलर यांनी १९७७ मध्ये यावर चांगलं संगीत हेच उदाहरण घेतलं. ऐकत गेलं की कान तयार होतो, आणि तयार कानाला त्याच एका तासात जास्त मिळतं. पहिल्यांदा सवाई गंधर्व महोत्सवाला गेलो तेव्हा माझं निम्मं लक्ष बाहेरच्या खाण्याच्या स्टॉलकडे होतं. आता एका विलंबित ख्यालासाठी थंडीत सतरंजीवर बसतो. आवड बदलली नाही, कानाची भांडवलगुंतवणूक वाढली, असं हे दोघे म्हणतील. शब्द रुक्ष आहेत, पण म्हणणं चुकीचं नाही.

आजीची पाटली मोडायची तर जीव जातो. तेवढंच सोनं बाजारात मिळतं, मग?

कॉर्नेल विद्यापीठात निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि निम्म्यांना दिले नाहीत. ज्यांना मग मिळाले ते विकायला सव्वापाच डॉलरच्या आसपास मागू लागले; घेणारे पावणेतीनच्या वर जाईनात. तो मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती. डॅनियल काहनमन, जॅक क्नेश आणि रिचर्ड थेलर यांनी हा प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध केला. हातातलं गेल्याचं दुःख तेवढंच मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं, हे त्यामागचं कारण.

कॉफीचा मग तर काही मिनिटांचा होता. पाटली तीन पिढ्यांची. सराफ ती काट्यावर ठेवतो, घट कापतो, घडणावळ धरत नाही आणि आकडा सांगतो. त्याचं काही चुकत नाही. तो पुढच्या दहा ग्रॅमचा भाव सांगतोय. आपल्याकडे पुढची पाटली नाही.

हापूसची पहिली पेटी लोक कसल्या भावाला घेतात! वेडे असतात का?

काही हौशी असतात, काही मिरवणारे. खरा मजेचा भाग मे महिन्यात असतो. जो माणूस डझनाला हजार द्यायला तयार होता त्याला तो पाचशेला मिळतो, तेव्हा उरलेले पाचशे रुपये म्हणजे मार्शलच्या भाषेत उपभोक्त्याचं संतोषाधिक्य. पाऊस जवळ आला की तेच फळ कुणी विचारत नाही.

आणि पेटीत खरंच हापूस आहे का? वरच्या थरात रत्नागिरी, खाली भलतंच काही, असं माझंही एकदा झालं आहे. विकणाऱ्याला माल ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, तर चांगल्या मालालाही भाव मिळेनासा होतो, हे जॉर्ज ॲकरलॉफने १९७० मध्ये जुन्या मोटारींवरून दाखवलं. तीन नियतकालिकांनी तो लेख नाकारला होता. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हाच विचार आहे.

हे सगळं ठीक आहे सर, पण परीक्षेत काय लिहायचं?

पुस्तकातलं. आधी नियमाचं विधान, मग कोष्टक, मग आकृती (अक्षांना नावं द्या, त्याचे गुण जातात), मग गृहीतकं, मग अपवाद. अपवादांत छंद, कंजूष, व्यसन, सत्ता, पैसा एवढे आठवले तरी पुरे.

पंगतीत पैज लावून साठ जिलेब्या खाणाऱ्या आजोबांचं उदाहरण कृपया अपवादात लिहू नका, दोन वर्षांपूर्वी एकाने लिहिलं होतं. तो अपवाद नाही. 'एकच गरज' हे गृहीतक तिथे मोडलेलं असतं. विसाव्या जिलेबीनंतर आजोबा जिलेबी खात नव्हते, व्याह्यांना खाली बघायला लावत होते.